चहाच्या टेबलावरचा प्रलय

विंगेतून : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, अलीकडची चांगली ब्रिटिश नाटकं काळाची मोडतोड करतात, संकट रंगमंचाबाहेर ठेवतात आणि माणूस गेल्यावर फारसं बोलत नाहीत. त्यावर पत्रं आली, त्यातली निम्मी चिडलेली. नव्या वाचकांसाठी आधी माझी ओळख सांगते. मी नटी नाही, दिग्दर्शिका नाही, समीक्षक तर नाहीच. गिरगावात होते तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेत सात वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेत लपून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य सांगायचं. १९८६ साली लग्न होऊन लंडनला आले, हिशेब लिहिण्याची नोकरी केली, निवृत्त झाले. प्रॉम्प्टरला नाटक समोरून कधी दिसतच नाही. नट थांबला तो अभिनय म्हणून की विसरला म्हणून, एवढंच त्याला अर्ध्या सेकंदात ओळखायचं असतं. त्यामुळे वाक्यांपेक्षा वाक्यांमधल्या जागा ऐकायची खोड लागली, ती गेली नाही. उत्तरं त्या खोडीतून आलेली आहेत.

प्रश्न : ताई, गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ सांगितली तर काय बिघडतं? मागे-पुढे उड्या मारणं मला तंत्राची मिजास वाटते.
(एक निवृत्त शिक्षक, सांगली)

सर, पुष्कळदा ती मिजासच असते. अशा काही नाटकांना मी मध्यंतरात उठून घरी आले आहे. पण निक पेनचं ‘कॉन्स्टेलेशन्स’ घ्या. २०१२ च्या जानेवारीत ते लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवरच्या छोट्या रंगमंचावर आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या मोठ्या व्यावसायिक नाटकांच्या भागातल्या, ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात. तिथे आम्ही दोघांनी पाहिलं. पात्रं दोनच. मॅरिअॅन विश्वशास्त्राची संशोधक, रोलंड मधमाश्या पाळणारा. एका पार्टीत भेट होते. ती त्याला म्हणते, स्वतःच्या कोपराचं टोक जिभेने चाटता येत नाही, ठाऊक आहे? बोलणं फिसकटतं. दिवे क्षणभर बदलतात आणि तीच भेट, तोच प्रश्न पुन्हा. एकदा तो दुसऱ्या कुणाचा असतो, एकदा नुकताच सुटलेला असतो, एकदा जमून जातं. एका क्षणाची अनेक विश्वं. पंधराव्या मिनिटाला माझा नवरा पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाला, “रेकॉर्ड अडकली काय ह्यांची?” पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

पुढे मॅरिअॅनच्या मेंदूत गाठ निघते आणि तिला शब्द सापडेनासे होतात. मला खुर्चीत घाम फुटला. बाई अडली आहे, आणि मी सांगायचं नाही!

२०१४ च्या फेब्रुवारीत नवरा गेला. सकाळी म्हणाला होता, छातीत जळजळतंय, कालच्या वड्यांनी. मी सोडा दिला. त्यानंतर वर्षभर ती सकाळ माझ्या स्वयंपाकघरात रोज होत होती. एकदा मी सोडा देते. एकदा ९९९ला, म्हणजे इथल्या अँब्युलन्सला, फोन करते. एकदा आदल्या दिवशी वडे तळतच नाही. दिवे बदलायचे आणि परत पहिल्यापासून. तेव्हा मला ते नाटक कळलं, सर. ज्याचं माणूस गेलंय त्याच्या डोक्यात काळ असाच चालतो. निक पेनने तो फक्त रंगमंचावर आणून ठेवला.

दुसरं उदाहरण थोडं जुनं, टॉम स्टॉपर्डचं ‘अर्केडिया’, नॅशनल थिएटर, १९९३. डर्बिशरमधल्या एका बड्या घरातली खोली. एक प्रवेश १८०९ सालातला, पुढचा आजचा. टेबल मात्र तेच. दोन्ही काळातल्या वस्तू त्याच्यावर साठत जातात, कुणी उचलत नाही. कासवसुद्धा दोन्ही काळांत. तेरा वर्षांची थॉमसिना मास्तरांना विचारते, खिरीत जॅम घालून ढवळला की लाल रेघा पसरतात, मग उलट ढवळून जॅम परत वेगळा का होत नाही? अख्ख्या नाटकाचं पदार्थविज्ञान ह्या वाटीत आहे. पुढे आजच्या काळातल्या अभ्यासकांकडून आपल्याला कळतं की ही मुलगी सतराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आगीत गेली. शेवटच्या प्रवेशात दोन्ही काळ एकाच वेळी रंगमंचावर असतात आणि ती त्याच रात्री वॉल्ट्झ नाच शिकत असते. तिच्या मेणबत्तीकडे आपण बघतो, ती बघत नाही. सरळ क्रमाने सांगितलं असतं तर एका अपघाताची बातमी झाली असती.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देते. एलकुंचवारांच्या वाडा त्रिनाट्यात काळ सरळच चालतो आणि तरी घर डोळ्यांदेखत झिजत जातं. १९९४ साली तिन्ही नाटकं सलग झाली तेव्हा मी इथे होते, हुकलं. बहिणीने फोनवर अर्धा तास सांगितलं. त्या काळात फोनचं बिल फार यायचं.

प्रश्न : मॅडम, आमच्या एकांकिकेचा विषय हवामानबदल होता. स्मोक मशीन, सायरन, मागे स्क्रीनवर पुराचे व्हिडिओ, सगळं केलं. परीक्षक म्हणाले, “भिडत नाही.” तिकडचे लोक धोका कसा दाखवतात?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, डोंबिवली)

मॅडम नको गं, मावशी म्हण. आणि परीक्षकांवर रागावू नकोस. धूर सोडला की प्रेक्षक आधी खोकतो आणि मग विचार करतो.

कॅरिल चर्चिल ह्या बाईंचं ‘एस्केप्ड अलोन’ रॉयल कोर्टमध्ये जानेवारी २०१६ मध्ये आलं. बाई तेव्हा ७७ वर्षांच्या. नाटकात चार म्हाताऱ्या, सत्तरीच्या. परसातली बाग, उन्हाळ्याची दुपार, खुर्च्या, चहा. तिघी एकमेकींच्या जुन्या ओळखीच्या. चौथी, मिसेस जॅरेट, कुंपणाचं दार उघडं दिसलं म्हणून आत आलेली. गप्पा आपल्या वाड्यातल्या ओट्यावर चालतात तशाच. नातवंडं, टीव्हीवरच्या मालिका, कुठलं दुकान बंद होऊन तिथे आता काय आलं. वाक्य कुणीच पूर्ण करत नाही. एक म्हणते “ते त्याचं...”, दुसरी म्हणते “हो, आणि तिचं पण...”. चाळीस वर्षं एकमेकींना ओळखणाऱ्या बायकांना पूर्ण वाक्याची गरज नसते. चर्चिलबाई हे इतकं बारीक लिहितात की ती संहिता हातात धरून प्रॉम्प्टिंग करायला मी घाबरले असते.

आणि मध्येच बाग गायब होते. पूर्ण अंधार, भोवती लालभडक पेटलेली चौकट, आणि मिसेस जॅरेट एकटी उभी राहून शांतपणे सांगते की प्रलय कसा झाला. लोक जमिनीखाली कसे राहिले. पूर कसा आला. भूक कशी सुरू झाली, तर ऐंशी टक्के अन्न टीव्हीवरच्या कार्यक्रमांकडे वळवलं तेव्हा. प्रेक्षक हसतात. हसता हसता हसू घशात राहतं, कारण बाई हे भूतकाळात सांगते आहे, जणू सगळं होऊन गेलंय. दिवे लागतात, पुन्हा बाग, पुन्हा चहा. तिघींच्या पोटातही एकेक धोका आहे. एकीला मांजरांची भीती इतकी की घरभर मांजर शोधत फिरते, एकीला घराबाहेर पाऊल टाकवत नाही, एकीने नवऱ्याला मारून तुरुंग भोगलाय. तासाभराच्या आत नाटक संपतं. शेवटी मिसेस जॅरेट सांगते की मग मी चहाबद्दल आभार मानले आणि घरी गेले. बस्स. धूर नाही, पाण्याचा थेंब नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथेच लूसी कर्कवूडचं ‘द चिल्ड्रन’ आलं. जपानमधल्या फुकुशिमाच्या दुर्घटनेची सावली त्याच्यावर आहे, पण घडतं इंग्लंडच्या किनाऱ्यावर. जवळच्या अणुवीज केंद्राचा अपघात झालाय. तिथेच पूर्वी काम केलेलं एक निवृत्त जोडपं, हेझेल आणि रॉबिन, एका छोट्या घरात राहतंय. वीज ठरावीक वेळच, संडास जपून वापरायचा. हेझेल सॅलड करते, योगासनं करते. रॉबिन रोज जुन्या गोठ्याकडे गाईंची देखभाल करायला जातो. आणि जुनी सहकारी रोझ बऱ्याच वर्षांनी दारात उभी राहते. ती का आलीय हे कळायला निम्म्याहून जास्त नाटक जातं. केंद्रात साफसफाई करणारी मुलं तरुण आहेत, त्यांचं आयुष्य उरलंय. ते केंद्र आपण बांधलं, तर आपण म्हाताऱ्यांनी जाऊन त्यांना बाहेर काढावं, असं तिचं म्हणणं. अणुभट्टी सबंध नाटकात दिसत नाही. एका प्रवेशात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र माणसाच्या अंगाजवळ नेतात आणि ते टकटकायला लागतं. तेवढा आवाज पुरतो. गाईंचं खरं काय झालं तेही उशिरा कळतं. सांगत नाही, कधी वाचलंस तर तुझं तुला कळेल.

तुला सगळ्यात उपयोगी पडेल ते डंकन मॅकमिलनचं ‘लंग्ज’, कारण त्याला खर्चच नाही. दोन नट, रिकामा रंगमंच. नेपथ्य नाही, वस्तू नाहीत, कपडे बदलणं नाही, खोट्या खोट्या वस्तू हाताळणंसुद्धा नाही. आयकियाच्या दुकानात, रांगेत उभं असताना, तो म्हणतो आपण मूल होऊ देऊ या. ती भडकते. हिशेब करते, की एका मुलामागे दहा हजार टन कार्बन, म्हणजे अख्ख्या आयफेल टॉवरचं वजन. मी आयफेल टॉवरला जन्म देणार! हवामानबदल इथे व्हिडिओत नाही, दोघांच्या अंथरुणात आहे. प्रवेशांमध्ये अंधारही नाही. एका वाक्यात ते दुकानात असतात, पुढच्या वाक्यात गाडीत. शेवटच्या काही मिनिटांत तर दशकं निघून जातात. २०२० साली थिएटरं बंद असताना लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरने हेच नाटक रिकाम्या प्रेक्षागृहातून थेट प्रक्षेपित केलं. क्लेअर फॉय आणि मॅट स्मिथ, एकमेकांपासून अंतर राखून, आणि मागे सगळ्या रिकाम्या खुर्च्या. मी घरी लॅपटॉपवर पाहिलं. ह्याहून भयंकर नेपथ्य कुणाला सुचलं नसतं, आणि ते कुणी केलेलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वर्षी स्मोक मशीनचं भाडं वाचव. पुराची बातमी येते तेव्हा तुझी आई नेमकं काय करत असते ते लिही. माझी आई आधी गॅलरीतलं वाळवण उचलायची.

प्रश्न : आम्ही लेस्टरला सहा वर्षं आहोत. इथल्या नाटकांत कुणी मोकळेपणाने रडतच नाही. आपल्याकडे बेलवलकरांच्या एका स्वगताला अख्खं थिएटर हुंदके देतं. ह्या लोकांना दुःख होत नाही का?
(एक सॉफ्टवेअर इंजिनियर, लेस्टर)

होतं हो. मीसुद्धा पहिली दहा वर्षं हेच म्हणायचे, फक्त मराठीत आणि हळू आवाजात.

पुन्हा चर्चिलबाईच. ‘हिअर वी गो’, नॅशनल थिएटर, २०१५. तीन छोटे भाग. पहिल्यात अंत्यसंस्कारानंतर जमलेले लोक गेलेल्या माणसाविषयी बोलतात, आणि मध्येच एकेक जण पुढे येऊन स्वतः कधी आणि कसा मरणार ते सांगून परत गप्पांत मिसळतो. दुसऱ्यात मेलेला माणूस बोलतो. तिसऱ्यात एक म्हातारा आणि त्याला सांभाळणारी बाई. शब्द एकही नाही. ती त्याचा पायजमा काढते, कपडे घालते, धरून खुर्चीपर्यंत नेते. मग कपडे काढते, पायजमा घालते, पलंगाकडे आणते. मग पुन्हा. मग पुन्हा. दिवे इतक्या हळू कमी होतात की कधी अंधारलं ते कळत नाही. माझ्या मागे कुणीतरी चुळबुळत होतं, कुणी खोकत होतं, दोघं-तिघं वैतागून उठले. मला माझ्या सासऱ्यांची अखेरची दोन वर्षं आठवली. त्यात एकही स्वगत नव्हतं. मोजे होते.

डेबी टकर ग्रीनचं ‘रँडम’ (रॉयल कोर्ट, २००८) बघा किंवा वाचा. एकच कृष्णवर्णीय नटी बहीण, भाऊ, आई, वडील सगळे करते. सकाळची घाई, जळलेला नाश्ता, ऑफिसातली कटकट, आणि दुपारी पोलीस दारात. भावाला रस्त्यात भोसकलंय. बूट घालून पोलीस आईच्या बैठकीच्या खोलीत येतात, त्या बुटांचा राग आधी येतो. रडणं कुठे अडकतं ते ह्या बाईला बरोबर ठाऊक आहे.

आणि टिम क्राउचचं ‘अॅन ओक ट्री’, २००५ सालचं. मी दहा वर्षांनी नॅशनलमध्ये पाहिलं. एक संमोहनकार, ज्याच्या गाडीखाली एक मुलगी गेली, आणि त्याच्या कार्यक्रमाला आलेला तिचा बाप. बापाचं काम रोज नवा नट किंवा नटी करते, जिने हे नाटक ना पाहिलंय ना वाचलंय. काही वाक्यं हातात कागद देऊन, काही कानातल्या यंत्रातून, काही सगळ्यांसमोर सांगून. म्हणजे मी जे अंधारात लपून करायचे ते क्राउच उजेडात करतो. मुलगी गेल्यापासून बाप रस्त्याकडेच्या एका झाडाला आपली मुलगी मानतो. समोरचा नट खरोखर चाचपडत असतो, पुढचं वाक्य काय येणार त्याला ठाऊक नसतं, आणि तो बाप नेमका तसाच दिसतो. नुकतं ज्याचं मूल गेलंय त्याला पुढचं वाक्य कुठून ठाऊक असणार? मी आयुष्यभर ज्याला धोका समजले, की नट अडला, संपलं, तोच इथे अभिनय होता.

स्टॉपर्डचं ‘लिओपोल्डस्टाट’ सांगायचं राहिलं. व्हिएन्नातलं एक ज्यू कुटुंब, १८९९ ते १९५५. माझं तिकीट एप्रिल २०२० चं होतं, मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, पाहिलं ते २०२१ च्या सप्टेंबरात. शेवटी उरलेल्यांच्या बोलण्यात कुटुंबातल्या माणसांची नावं येतात आणि प्रत्येक जण कुठे संपला ते कळतं. ऑशविट्झ ह्या नाझी छळछावणीचं नाव येत राहतं. रंगमंचावर हंबरडा कुणीच फोडत नाही. प्रेक्षागृहात मात्र तुमची तक्रार मिटली असती. स्टॉपर्ड स्वतः लहानपणी युद्धातून पळून दार्जिलिंगच्या शाळेत होता. वडील सिंगापूरहून निघताना गेले. आपलं कुटुंब ज्यू होतं आणि त्याचं काय झालं, हे त्याला नीट कळलं ते पन्नाशी उलटल्यावर.

प्रश्न : खऱ्या दुर्घटनेवर नाटक करायचं आणि टाळ्या घ्यायच्या, हे तुम्हाला पटतं?
(एक गृहिणी, नाशिक)

सगळ्यांचं नाही पटत. ग्रेनफेल टॉवरचं पटलं. १४ जून २०१७ च्या रात्री पश्चिम लंडनमधल्या ह्या चोवीस मजली इमारतीत एका फ्लॅटच्या फ्रिजपासून आग लागली. बाहेरून लावलेल्या पत्र्यांनी ती वरपर्यंत नेली. ७२ माणसं गेली. नॅशनलच्या डॉर्फमन रंगमंचावर २०२३ साली गिलियन स्लोवो ह्यांनी आगीतून बचावलेल्यांच्या मुलाखतींतून नाटक बांधलं, शब्द त्यांचेच. आग दाखवली नाही. सुरुवात आगीपासून नाहीच. आम्ही इथे राहायला कसे आलो, खिडकीतून काय दिसायचं, शेजारी कोण, इथून सुरुवात. आधी घर उभं राहतं.

त्या रात्रीचं वेळापत्रक आठवा. पहिला फोन १२ वाजून ५४ मिनिटांनी. अग्निशमन दलाने “घरातच थांबा” हा सल्ला मागे घेतला २ वाजून ४७ मिनिटांनी. जवळजवळ दोन तास. नाटकाचा एक प्रयोग साधारण तेवढाच असतो, हा विचार मला त्या खुर्चीत बसून आला आणि नंतर प्रत्येक नाटकाला येत राहिला. टाळ्यांचं म्हणाल तर मी त्या दिवशी वाजवल्या की नाही ते आठवत नाही.

एक जोड. इथल्या जुन्या थिएटरांत मध्यंतराला लोखंडी पडदा खाली उतरताना दिसतो. लोक आइस्क्रीम खात असतात, बघत नाहीत. १८८७ साली एक्झिटरच्या थिएटर रॉयलला प्रयोग चालू असताना आग लागून १८६ माणसं गेली. त्यानंतर आगीचे नियम कडक झाले, त्यातलाच आग रंगमंचावरच अडवणारा हा पडदा. तो प्रेक्षकांदेखत उतरवून दाखवतात, चालतोय ह्याची खात्री म्हणून.

प्रश्न : दिवाळीत दहा दिवस लंडनला येतोय. तिकिटांच्या किमती बघून डोळे फिरले. स्वस्तात काय बघू?
(एक बँक कर्मचारी, कोल्हापूर)

रॉयल कोर्टला प्रयोगाच्या तासभर आधी उभ्याची चार तिकिटं दहा पेन्सना विकायचे. हो, दहा पेन्स. बाजूला उभं राहून अर्धा रंगमंच दिसतो, मला तर विंगेतच उभं राहिल्यासारखं वाटायचं. आता काय नियम आहे तो खिडकीवर विचारा. सोमवारी बसायची तिकिटंही स्वस्त असतात. पायांत चांगले बूट घाला.

थिएटर स्लोन स्क्वेअर स्टेशनला अगदी लागून आहे. नाटक ऐन रंगात असताना खालून मेट्रो जाते आणि खुर्ची किंचित थरथरते. नट थांबत नाहीत, तुम्हीही दचकू नका. आणि स्टेशनवर उतरलात की वर बघा. फलाटाच्या डोक्यावरून एक मोठा लोखंडी नळ आडवा गेलाय. त्यात वेस्टबोर्न नावाची नदी आहे. खाली लोक फोन बघत उभे असतात.